समुद्राचे दस्तक कोणाच्या हाती?

(धरणगाव येथील व्याख्यानमालेत अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



आजच्या विषयाचा फलक लागला तेव्हा येथील एका स्नेह्यांनी मला विचारले, “सर, आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याची चिंता, आणि तुम्ही महासागराच्या कारभाराचे काय घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाण्याचा मला अधिकार नाही.

समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे, हे खरे. परंतु आपल्या शेताला लागणारे पालाश जवळजवळ सगळेच्या सगळे जहाजातून येते. आपल्या कापसाची रुई, तिचे सूत आणि जळगावची केळी ज्या बाजारांत जातात, त्यांपैकी पुष्कळ बाजार समुद्रापलीकडे आहेत. भारताच्या परदेश व्यापारातला आकारमानाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिका खंडाला वळसा घालून जाऊ लागली. भाडे वाढले, विमा वाढला, दिवस वाढले. अशा वाढीचा बोजा अखेरीस ज्याला स्वतःच्या मालाचा भाव ठरवता येत नाही त्याच्याच गळ्यात पडतो. तो कोण, हे या सभेत सांगायला नको.

आणि हे आजचे नाही. १६७४ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने याच धरणगावात वखार घातली होती. कशासाठी? येथल्या कापडासाठी. पुढल्याच वर्षी मराठी फौजेने गाव आणि वखार लुटली. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा समुद्रावर कोणाची सत्ता आहे या प्रश्नाचे उत्तर धरणगावच्या पेठेत उमटत होते. बालकवींच्या या जन्मगावी समुद्रावर बोलणे अप्रस्तुत नाही, ते एवढ्यासाठी.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. समुद्राच्या कारभारात बड्या राष्ट्रांची मिरास मोडून काढण्यासाठी भारतासारखी उदयोन्मुख प्रादेशिक राष्ट्रे पुढे आली, हे इतिहासाचे मोठे पाऊल होय. तथापि, दुर्बल असताना आपण सर्वांसाठी जो न्याय मागितला, तो बळ आल्यावर आपल्याला किती आठवतो, यावरच त्या पावलाची किंमत ठरणार आहे.

थोडे मागे जाऊ. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना लादला. तो घेतल्याशिवाय जहाज हाकारले तर माल जप्त. मोगल बादशहांच्या जहाजांनासुद्धा हे परवाने घ्यावे लागत. पुढे डच आले. त्यांना पोर्तुगिजांची ही मक्तेदारी जाचू लागली, तेव्हा १६०९ मध्ये ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने समुद्र सर्वांना खुला आहे असा सिद्धांत मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्यार्थी आजही ती आदराने वाचतात. परंतु अवघ्या बारा वर्षांनी, १६२१ मध्ये, त्याच डच कंपनीने जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी बांदा बेटांवरच्या लोकांची कत्तल केली. मुक्त समुद्राचा सिद्धांत ज्यांच्यासाठी लिहिला गेला, त्यांनीच हाती बळ येताच समुद्राला कुंपण घातले.

आपल्या किनाऱ्यावर या अन्यायाला उत्तर दिले ते मराठी आरमाराने. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घेतले पाहिजे असा आग्रह धरला. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण पोर्तुगिजांनी कार्ताझ विकला तर ते राज्य, इंग्रजांनी परवाना दिला तर तो व्यापार, आणि कान्होजींनी दस्तक मागितले तर मात्र ती चाचेगिरी, हा न्याय कुठला? १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. एका प्रादेशिक सत्तेने समुद्राच्या कारभारात आपला वाटा मागितल्याचे आपल्या इतिहासातले हे ठळक उदाहरण आहे.

त्याचा शेत कसा झाला असे नव्हे, त्याचा शेवट कसा झाला हेही सांगितले पाहिजे, कारण पीक कसे बुडाले ते समजल्यावाचून पुढची पेरणी नीट होत नाही. १७५६ मध्ये विजयदुर्गापुढे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. जाळले इंग्रजांनी, पण त्यांच्याशी हातमिळवणी केली होती ती पुण्याने. तुळाजी उद्दाम होता, त्याने मराठ्यांच्याच मुलखाला उपद्रव दिला, हे सारे मान्य. परंतु घाटावरच्या दरबाराला किनाऱ्यावरचे भांडण घरातले वाटले आणि समुद्रावरचा परका शेजारी वाटला, ही चूक फार महाग पडली. घाटावरच्या माणसाला समुद्र आपला वाटत नाही, हा आपला जुना दोष आहे. आजच्या व्याख्यानाचे खरे कारण तेच.

आता विसाव्या शतकाकडे वळू. किनाऱ्यापासून तीन मैल पाणी त्या त्या देशाचे आणि बाकीचा समुद्र सर्वांना मोकळा, हा दीर्घकाळचा प्रघात होता. मोकळा याचा अर्थ, ज्याच्याकडे जहाज त्याला मोकळा. होडी असलेल्याला आणि विमानवाहू नौका असलेल्याला सारखेच स्वातंत्र्य देणारा हा उदारमतवाद होता! १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या खंडमंचावरील साधनसंपत्तीवर हक्क जाहीर केला, तेव्हा तो प्रघात खुद्द बड्यांनीच मोडला. मग १९५२ मध्ये चिली, पेरू आणि इक्वेडोर यांनी दोनशे मैलांपर्यंतचा दावा मांडला. १९६७ मध्ये माल्टासारख्या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, राष्ट्रीय हद्दींपलीकडचा सागरतळ हा मानवजातीचा समाईक वारसा मानावा अशी मागणी केली. १९७२ मध्ये केनियाने ‘अनन्य आर्थिक क्षेत्रा’ची कल्पना पुढे आणली. १९७१ मध्येच श्रीलंकेच्या पुढाकाराने हिंदी महासागर हे शांतताक्षेत्र असावे असा ठराव आमसभेने संमत केला होता. या साऱ्या हालचालींमागे नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांचा स्वाभिमान होता, आणि भारत त्यांच्या आघाडीवर होता.

१९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षे ही परिषद चालली. एप्रिल १९८२ मध्ये मतदान झाले. १३० राष्ट्रे बाजूने, चार विरुद्ध. त्या चारांत अमेरिका होती. तिचे म्हणणे एवढेच, की सागरतळावरचे खनिज सर्वांचे असे मानले तर भांडवल घालणाऱ्याला काय उरणार? अमेरिकेने या कराराला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. इतकेच नव्हे, करार अमलात यावा म्हणून १९९४ मध्ये पुरवणी करार करून समाईक वारशाच्या कलमांतला पुष्कळसा कस काढून घेण्यात आला. तंत्रज्ञान गरीब राष्ट्रांना द्यावे ही सक्ती गेली. बाजाराचे तत्त्व आले. ज्याने सहीसुद्धा केली नाही त्याच्या समाधानासाठी सही करणाऱ्यांनी आपलाच मसुदा खोडला!

या इतिहासात भारताचे स्थान दुहेरी आहे आणि ते नीट ओळखले पाहिजे. १९७६ मध्ये आपण सागरी क्षेत्रांचा कायदा केला आणि वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक समुद्रावर आपला आर्थिक हक्क प्रस्थापित झाला. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले होते. पणजीजवळ दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ या जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून बहुधात्वीय गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट यांचे हे बटाट्याएवढे गोटे. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी संस्थेने केलेली ही कामगिरी अभिमानास्पद आहे. तिच्या जोरावर सागरतळाच्या ‘आद्य गुंतवणूकदारां’च्या यादीत फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत संघ यांच्या शेजारी भारताचे नाव आले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरांचे क्षेत्र भारताला मिळाले. नियमाप्रमाणे त्यातले निम्मे सोडून आज ७५ हजार चौरस किलोमीटर आपल्याकडे आहे.

मात्र येथेच एक सूक्ष्म बदल घडला. आमसभेत आपण वारसदार म्हणून उभे होतो. किंगस्टनच्या आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणात आपण कंत्राटदारही झालो. वारसदाराला वारसा टिकावा असे वाटते आणि कंत्राटदाराला काम लवकर सुरू व्हावे असे वाटते. एकाच माणसाने दोन्ही टोप्या घातल्या म्हणजे डोके कोणते विचार करते हे पाहावे लागते.

ही शंका मी उगाच काढत नाही. खोल समुद्रातील खाणकाम तळावरच्या जीवसृष्टीचे काय करील हे विज्ञानाला पुरते ठाऊक नाही. म्हणून पस्तीसहून अधिक देशांनी या खाणकामाला तूर्त विराम द्यावा अशी भूमिका घेतली. त्यांत ब्राझील हे आपल्याचसारखे उदयोन्मुख राष्ट्र आहे, आणि पॅसिफिकमधली बुडण्याच्या भीतीखाली जगणारी बेटेही आहेत. भारताने अशी मागणी केलेली नाही. दुसरीकडे एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्राधिकरणाला बाजूला सारून, अमेरिकेच्या १९८० च्या कायद्याखाली आंतरराष्ट्रीय सागरतळावरचे परवाने देण्याचा आदेश काढला. हा कार्ताझच नव्हे काय? अशा वेळी समाईक वारशाच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज भारताचा असायला हवा होता. तो तसा उठला नाही.

शेजाऱ्यांच्या बाबतीतही चित्र दोन रंगांचे आहे. बंगालच्या उपसागरातील सीमेचा बांगलादेशाशी असलेला वाद लवादापुढे गेला. ७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. वादग्रस्त सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरांपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर क्षेत्र बांगलादेशाला मिळाले. भारताने हा निकाल खळखळ न करता स्वीकारला. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा चीनने तो कागदाचा कपटा ठरवून टाकला. मोठ्या शेजाऱ्याने हरलेला दावा मानणे ही गोष्ट समुद्राच्या राजकारणात दुर्मीळ आहे. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजावरील सतरा खलाशांना सोडवून आपल्या नौदलाने पस्तीस सोमाली चाच्यांना मुंबईत आणले, तेही प्रादेशिक सत्तेने करण्याजोगे काम होते. या दोन्हींबद्दल सरकार कोणत्या पक्षाचे हे न पाहता मी समाधान व्यक्त करतो.

पण त्याच वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, आपण अफनासी-निकितिन या समुद्राखालच्या पर्वतावरील कोबाल्टच्या शोधासाठी प्राधिकरणाकडे अर्ज केला. तो भाग श्रीलंकेने २००९ मध्ये केलेल्या विस्तारित खंडमंचाच्या दाव्यात मोडतो. पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूचे ट्रॉलर तळ खरवडत जातात आणि युद्धातून कसेबसे उठलेल्या उत्तर श्रीलंकेच्या तमिळ कोळ्यांची जाळी फाटतात. श्रीलंकेच्या कोठडीत पडतो तो मात्र ट्रॉलरवर मजुरीने गेलेला आपला खलाशी. दोन्ही बाजूंना गरीबच. कान्होजींच्या बाजूने बोलणाऱ्याने हेही बोलले पाहिजे.

आता मी माझ्या स्वतःच्या अज्ञानाची एक गोष्ट सांगतो. तीस वर्षे मी वर्गात हार्डिनचा १९६८ मधला प्रसिद्ध सिद्धांत शिकवला. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. म्हणून समाईक कुरण उजाड होते आणि समुद्रातली मासळी संपते. फळ्यावर आकृती काढत असे, विद्यार्थी उतरवून घेत. निवृत्तीच्या थोडे आधी पालघरजवळच्या सातपाटीला जाण्याचा योग आला. तेथे एका वृद्ध कोळ्याने मला ‘कव’ म्हणजे काय ते समजावले. डोल जाळे लावण्यासाठी समुद्रात खुंट ठोकून ठरवलेली जागा म्हणजे कव. कुठली कव कोणत्या गावाची, कोणत्या घराची, हे परंपरेने ठरलेले. वाद होतात, डोकीही फुटतात, पण नियम असतो म्हणूनच वाद होतो. शेवटी तो म्हणाला, “मास्तर, समुद्र कुणाचा नाही असं तुमच्या पुस्तकात असेल. आमचा तो आहे. पण आम्ही त्याचे धनी नाही.” परत येताना गाडीत मला माझी फळ्यावरची आकृती आठवत राहिली. २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते नेमके हेच दाखवल्याबद्दल: जे लोक समाईक साधनावर जगतात, ते त्याचे नियम स्वतः करू शकतात आणि पाळूही शकतात. ही अक्कल मला पुस्तकाआधी किनाऱ्यावर मिळायला हवी होती.

महासागराच्या कारभाराची खरी कसोटी येथे लागते. सत्तरीच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा दिला, माथानी साल्ढाणा त्याचे पुढारी होते. तेव्हा प्रश्न असा होता की किनाऱ्यालगतचे पाणी रापणीचे की यंत्राचे. त्या लढ्यांतून गोव्यात १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे आले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने परदेशी भागीदारीतल्या बड्या जहाजांना आपल्या आर्थिक क्षेत्रात वाट करून दिली. म्हणजे दोनशे मैलांचा हक्क परक्यांपासून मिळवायचा आणि परवान्याच्या कागदावर तो परक्यांनाच द्यायचा! देशभरचे मच्छिमार रस्त्यावर आले, १९९४ मध्ये बंद झाले, मुरारी समिती नेमावी लागली आणि तिने हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. हिंदी महासागराचा एक तुकडा त्या वेळी वाचवला तो मुत्सद्द्यांनी नव्हे, कोळ्यांनी.

जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे मासेमारीच्या अनुदानांचा प्रश्न आला तेव्हा भारताने विकसनशील राष्ट्रांसाठी पंचवीस वर्षांची सवलत मागितली. कारण काय दिले? आमचा मच्छिमार छोटा आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. समुद्र रिकामा केला तो दूरदूर जाऊन मासे मारणाऱ्या बड्या देशांच्या ताफ्यांनी, हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मी त्या भूमिकेचा समर्थक आहे. पण जिनिव्हात ज्याच्या नावाने बोललो तो माणूस पालघर जिल्ह्यात राहतो, आणि तेथे वाढवणला ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर होत आहे. त्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथे बंदर होता कामा नये असा निर्णय दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, बदललेल्या अध्यक्षांखाली, सशर्त संमती दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. मच्छिमारांचा विरोध मात्र तसाच राहिला.

बंदरे नकोत असे मी म्हणत नाही. आपली केळी आणि सूत बंदरातूनच जाणार आहे, आणि ते महाग पडू नये हे आपलेही हित आहे. येथेच खानदेशच्या शेतकऱ्याला नि पालघरच्या कोळ्याला एकमेकांसमोर उभे करता येते, आणि तसे केले जाते. ‘तुमच्या मालासाठी बंदर हवे आहे, मूठभर कोळी आडवे येतात,’ असे उद्या कोणी येथे येऊन सांगेल. त्याला विचारा: भाडे कमी झाले तर कापसाचा भाव किती वाढेल ते लिहून द्याल काय? धरणात गाव गेलेल्या माणसाला ‘राष्ट्रहितासाठी’ या शब्दाचा अर्थ नव्याने शिकवावा लागत नाही. तापीच्या खोऱ्यात तो पुरेसा शिकवला गेला आहे.

मग करायचे काय? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, समुद्राविषयीच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत भारताच्या शिष्टमंडळात मच्छिमारांच्या सहकारी संस्थांचा आणि संघटनांचा प्रतिनिधी असावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नवे नियम काढले. त्यांत सहकारी संस्थांना अग्रक्रम आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे. ही चांगली गोष्ट आहे. त्या नियमांत यांत्रिक नौकांना प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. दस्तक पुन्हा आले आहे. ते सहकाराच्या हाती राहते की सहकाराच्या पाटीआडून भांडवलाच्या हाती जाते, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

दुसरी, सागरतळाच्या खाणकामाबाबत भारताने संशोधन अवश्य चालू ठेवावे, परंतु उत्खननाला विराम देण्याच्या बाजूने उभे राहावे. गोटे तयार व्हायला लक्षावधी वर्षे लागली आहेत. आणखी वीस वर्षे थांबल्याने ते पळून जाणार नाहीत. खुल्या समुद्रातील जैवविविधतेच्या रक्षणाचा करार १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आहे. सही ही सुरुवात असते.

तिसरी, हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील राष्ट्रांची संघटना १९९७ पासून अस्तित्वात आहे. तिला सभा-समारंभांपलीकडे काम द्यावे. श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, मोझांबिक यांना भारत हा नवा बडा भाऊ वाटू नये, तर बरोबरीचा सोबती वाटावा. समुद्रावरचा विश्वास युद्धनौका मोजून मिळत नाही. हरलेला निकाल मानून मिळतो, हे आपण २०१४ मध्ये एकदा करून दाखवले आहे.

शेवटी माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. गिरणेचे पाणी तापीला मिळते आणि तापीचे सुरतेजवळ अरबी समुद्राला. आपण शेतात टाकलेले जादा खत, शहरांनी सोडलेले सांडपाणी, सारे त्याच वाटेने जाते. उलट, जूनमध्ये आपण ज्याची वाट पाहतो तो पाऊस त्याच समुद्रावरून येतो. तेव्हा समुद्र धरणगावापासून दूर आहे असे म्हणणे भूगोलाला धरून नाही. १७५६ मध्ये किनारा एकटा पडला, कारण घाटावर त्याचे कोणी नव्हते. पुढच्या वेळी वाढवणचा, सातपाटीचा, रापणकारांच्या गोव्याचा माणूस आपले म्हणणे मांडायला उभा राहील, तेव्हा घाटावरून निदान एक आवाज त्याच्या बाजूने उठावा, आणि तो या गावातून उठावा, एवढेच मागून मी माझे भाषण संपवतो.